एग्झिल्डाची दोन वर्षं

"तोंडी तारखेवर मी आता कबरीच्या दगडावर एक अक्षर कोरणार नाही," रोझेर पाथरवट म्हणाला. "कागद आण."

"अरे, पन्नास वर्षं संसार केला मी तिच्याशी. बायकोची जन्मतारीख मला ठाऊक नसेल?" आदेलार म्हणाला.

"तेलेस्फोरही आपल्या आईच्या वेळी असंच म्हणाला होता. मग बॉस्टनहून त्याची बहीण आली आणि तिनं वेगळीच तारीख सांगितली. अख्खा दगड घासून पुन्हा कोरला मी. बाप्तिस्म्याचा कागद आण, आदेलार. मे महिन्याच्या आत दगड उभा करून देतो."

 रोझेरचं चुकत नव्हतं.

एग्झिल्डा जानेवारीत गेली. जानेवारीत त्यांच्या सें-लाडिस्लास गावची गोठलेली जमीन कुदळीला दाद देत नाही, म्हणून हिवाळ्यात गेलेली माणसं कबरस्तानाच्या कडेच्या दगडी खोलीत ठेवतात आणि बर्फ वितळला की पुरतात. त्या खोलीत एग्झिल्डाबरोबर गावातली आणखी तिघं होती. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की आदेलार तिकडे जायचा, दरवाज्यावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहायचा आणि घरी परतायचा. ती तिथे एकटी नाही, एवढंच त्याला बरं वाटायचं. शेजारच्या पेटीत म्हातारा नापोलेओं होता. त्याच्याशी एग्झिल्डाचं जन्मभर पटलं नव्हतं, पण आता इलाज नव्हता.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दफन ठरलं होतं. सहाही मुलं येणार होती. तोवर दगड तयार हवा होता आणि त्यावर तिचं नाव बरोबर हवं होतं. आदेलारला तिच्यासाठी आता एवढंच करता येण्यासारखं उरलं होतं.

तारीख त्याला पाठ होती. अकरा फेब्रुवारी एकोणीसशे चार. दर वर्षी त्या दिवशी तो गूळपाकाचा केक आणायचा आणि ती म्हणायची, "आणखी एक वर्ष? मला तर अजून तसं वाटत नाही." तो म्हणायचा, "तुला कधीच वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ट्रक काढला आणि खाली नदीकाठच्या सेंत-कोलेत गावाला निघाला. एग्झिल्डाचा जन्म तिथला. ती आठ-नऊ वर्षांची असताना तिचा बाप उल्रिक नव्या जमिनीसाठी कुटुंब घेऊन वर डोंगरात आला. आदेलारला रस्ता चांगला ठाऊक होता. गेले सहा हिवाळे तो एग्झिल्डाला घेऊन याच रस्त्यानं जात होता.

मुलं संसाराला लागल्यावर तिनं पूर्वजांचा शोध घ्यायला सुरुवात केली होती. भिंतीच्या कागदाची एक उरलेली गुंडाळी घेतली, उलटी केली आणि पाठीवर चौकोन आखले. एका चौकोनात एक माणूस. गावोगावच्या चर्चमध्ये जाऊन ती जुन्या वह्या उघडायची. नावं वाचून दाखवायची ती आणि लिहून घ्यायचा आदेलार, कारण त्याचं अक्षर मोठं होतं आणि तिला चष्म्यातून बारीक अक्षरही वाचता यायचं. सुरुवातीला त्याला काही उमगायचं नाही. सगळ्या पोरी मारी, सगळे पोरगे जोसेफ.

"यातली तुमची मारी कुठली?" त्यानं एकदा वैतागून विचारलं होतं.

"मारी आणि जोसेफ धरायचेच नाहीत रे. ते देवाचे. मधलं नाव बाप्तिस्म्याला उभ्या राहणाऱ्या धर्माच्या आईबापाचं. शेवटचं असतं ते पोराचं."

आडनावांची तऱ्हा तर आणखी निराळी. तिच्या घराण्यात समुद्रापलीकडून या देशात पहिला आलेला माणूस राजाच्या पलटणीतला शिपाई. एत्येन रिव्हार त्याचं नाव. पलटणीत प्रत्येकाला एक टोपणनाव मिळे. याला मिळालं 'सांसुसी', म्हणजे बिनघोर. मग त्याची काही पोरं रिव्हार झाली, काही सांसुसी, आणि एक तर वहीत पाच ठिकाणी रिव्हार आणि तीन ठिकाणी सांसुसी होता. त्याला हुडकण्यात त्यांचा अख्खा एक हिवाळा गेला.

"बिनघोर म्हणे," आदेलार म्हणाला होता. "तुमच्या घरात रात्री कडी लागली की नाही ते बघायला तीनदा उठतात."

एग्झिल्डा इतकी हसली होती की समोरच्या फादरनं पेन खाली ठेवलं होतं.

सेंत-कोलेतला पोचला तेव्हा नदीतला बर्फ फुटला होता आणि काठावरच्या चिखलात पांढरी हंसबदकं उतरली होती. फादर तेबेर्जनं दार उघडलं. तिशीतला माणूस, अंगात झग्याऐवजी स्वेटर.

"या मेस्यू मोर्नो. या वेळी एकटेच?"

आदेलारनं सांगितलं. फादरनं त्याचा हात बराच वेळ हातात धरला. मग कॉफी ठेवली आणि एकोणीसशे चारची वही काढून टेबलावर उघडली.

"हे बघा. अकरा फेब्रुवारी. मारी देल्विना एग्झिल्डा. बाप उल्रिक सांसुसी, आई फिलोमेन गारों. आणि शेजारी समासात तुम्ही आहात."

समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: सें-लाडिस्लास इथे, बारा सप्टेंबर एकोणीसशे पंचवीस रोजी, आदेलार मोर्नो याच्याशी विवाह. लग्न कुठेही लागलं तरी बाप्तिस्म्याच्या गावी तशी नोंद पाठवतात. आदेलारनं त्या ओळीवरून बोट फिरवलं.

तेवढ्यात आत फोन वाजला. "आलोच," म्हणून फादर उठले.

आदेलारनं पान उलटलं. उगाच, सवयीनं. सहा हिवाळे तो हेच करत आला होता. पानं उलटायची, सांसुसी दिसला की थांबायचं. चारचं वर्ष संपलं. पाच सुरू झालं. जानेवारीच्या चौथ्या नोंदीवर तो थांबला.

एकोणीस जानेवारी. दफन. मारी देल्विना एग्झिल्डा, वय अकरा महिने, उल्रिक सांसुसी आणि फिलोमेन गारों यांची मुलगी.

त्यानं ती नोंद पुन्हा वाचली. मग खिशातून एग्झिल्डाचा चष्मा काढला. ती गेल्यापासून तो तिचा चष्मा जवळ ठेवायचा. डोळ्यांवर लावला आणि तिसऱ्यांदा वाचली. चष्म्यानं अक्षरं मोठी झाली, बाकी काही बदललं नाही.

फादर परत आले तेव्हा म्हातारा वहीवर हात पसरून बसला होता, जणू कुणी ती ओढून नेईल.

"फादर, ही मेली आहे."

"हो मेस्यू मोर्नो. देव तिला शांती देवो."

"तसं नाही हो. यंदाच्या जानेवारीत नाही. पाच सालीच मेली आहे. अकरा महिन्यांची असताना. आणि पंचवीस साली माझ्याशी लग्न केलंय."

फादरनं खाली वाकून वाचलं. मागचं पान पाहिलं, पुन्हा पुढचं पाहिलं. मग सहाची वही आणली. फार शोधावं लागलं नाही. आठ मार्च एकोणीसशे सहा. मारी ओबेलीन एग्झिल्डा. बाप तोच, आई तीच. समास कोरा.

"या तुमच्या बाई," फादर म्हणाले. "पोर गेलं की पुढच्याला तेच नाव द्यायची चाल होती. प्रत्येक वहीत दिसतं. लग्नाच्या वेळी कागद काढणाऱ्यानं पहिल्या एग्झिल्डाचा काढला."

आदेलारनं बोटांवर हिशोब केला. "म्हणजे लग्नात ती एकोणीस वर्षांची होती."

"बरोबर."

"एकवीस नव्हती."

"नाही."

"फादर, आम्ही तिच्या एकवीस पूर्ण होण्याची वाट बघत होतो. तिच्या बापाला हे लग्न मान्य नव्हतं. ती शेंडेफळ. तिनं घरी राहून म्हातारा-म्हातारीला सांभाळायचं, असं त्यानं ठरवलं होतं. म्हातारपणाची काठी म्हणायचा तिला. एकवीस झाल्यावर बापाची परवानगी लागत नाही, म्हणून आम्ही..." तो थांबला. त्याचे कान लाल झाले. "मग आमचं लग्न? सहा पोरं आहेत आम्हाला!"

फादरला हसू आवरेना. "मेस्यू मोर्नो, फादरनं तुमच्या हातात कुणाचा हात दिला होता? जिवंत मुलीचा ना?"

"तिचाच. थंडगार होता. सप्टेंबरमध्ये."

"मग लग्न तिच्याशीच झालं. कागद चुकला, बाई चुकली नाही. आणि ज्याला तक्रार करायची होती तो बाप कधीच देवाघरी गेला." मग त्यांनी पेन उचललं. "बोला, दाखला कुठल्या तारखेचा देऊ?"

आदेलारनं दोन्ही वह्या शेजारी शेजारी ओढल्या. दगडावर खोटी तारीख कोरायची नाही, म्हणून तर तो इथवर आला होता. पण एग्झिल्डानं स्वतः जन्मभर फेब्रुवारीच मानली होती. की मानल्याचं दाखवलं होतं?  तिला ठाऊक होतं का? पन्नास फेब्रुवारी तिनं त्याच्यासमोर केक कापला, तेव्हा तिला ठाऊक होतं?

"दोन्ही द्या," तो शेवटी म्हणाला. "आणि त्या लहानीच्या दफनाचाही."

एग्झिल्डाची मोठी बहीण आल्फोन्सीन सेंत-कोलेतमध्येच राहायची. चर्चच्या सिस्टर चालवत त्या म्हाताऱ्यांच्या घरात. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, कान तीक्ष्ण, गुडघे गेलेले. आदेलार गेला तेव्हा ती खिडकीपाशी एकटीच पत्ते मांडून बसली होती.

"ये आदेलार. बारीक झालास. नीट जेवतोस की नुसता चहा पितोस?"

"वाटाण्याचं सूप करतो."

"तू? देवा, एग्झिल्डाला कळलं तर उठून येईल."

त्यानं तिन्ही कागद तिच्या पत्त्यांवर ठेवले. आल्फोन्सीननं ते पाहिले, पण हातात घेतले नाहीत.

"सापडलं म्हणायचं," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं."

"मी मोठी रे. लहानीला पाळण्यात झोके देणारी मीच. डांग्या खोकल्यानं गेली. बाबा तेव्हा लाकूडतोडीच्या छावणीत. ते नोव्हेंबरात जंगलात जायचे, एप्रिलमध्ये यायचे. एका एप्रिलमध्ये पाळण्यात एग्झिल्डा होती, पुढच्या एप्रिलमध्ये नव्हती, त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा होती. तेरा पोरांच्या वाढदिवसांचा हिशोब त्यांच्या डोक्यात कुठून राहणार? वय विचारायचं झालं की आईला विचारायचे."

"आणि आईनं?"

"आईनं सेंत-कोलेतच्या फादरला पत्र लिहिलं. माझ्या हातून लिहवून घेतलं, तिला कुठं लिहिता येत होतं. 'माझी मुलगी एग्झिल्डा, जन्म फेब्रुवारी चार, हिचा दाखला पाठवावा.' मी लिहिता लिहिता थांबले. म्हटलं, आई, ही चूक होतेय. तर म्हणाली, 'चूक नाही. माझी फेब्रुवारीची मुलगी यंदा एकवीसची झाली. तिला त्याचा काही उपयोग नाही. बहिणीला होऊ दे.'"

आदेलार खुर्चीवर टेकला.

"मी म्हटलं, आणखी दोन वर्षं थांबली तर काय बिघडतं? आई म्हणाली, दोन वर्षांत तो पोरगा जंगलात लाकडं तोडताना झाडाखाली सापडेल नाहीतर दुसरीशी लग्न करेल. आणि ही माझ्या चुलीपाशी म्हातारी होईल."

"पण तिची काठी होती ना ती. म्हातारपणाची."

"तेच तर सांगतेय तुला."

 बाहेर हंसबदकांचा एक थवा ओरडत गेला.

"एग्झिल्डाला वाटायचं, आईची तिच्यावर माया नव्हती," आदेलार म्हणाला. "मला कितीदा सांगितलं तिनं. सगळ्या पोरांना आई नावानं हाक मारायची. तिलाच 'ए पोरी' म्हणायची. नाहीतर 'धाकटी'. एकदासुद्धा एग्झिल्डा म्हणाली नाही."

"तोंडातून निघायचं नाही तिच्या. नाव आजीनं ठेवलं, ओबेलीन आजीनं. घरातलं नाव वाया जाऊ द्यायचं नाही म्हणे. आई बाळंतपणात आडवी पडलेली, तिला कोण विचारतंय? पहिल्या दिवशी तिनं हाक मारायचा प्रयत्न केला होता. मी तिथं होते. 'एग्झि' म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. पुन्हा कधी मारली नाही."

आदेलारनं एक कागद उचलला, घडी घातली, पुन्हा उलगडला. शेवटी विचारलं, "तिला माहीत होतं का? मला खरं सांग, आल्फोन्सीन. इतकी वर्षं माहीत होतं?"

"नाही. आईनं मला शपथ घातली होती. तिला ठाऊक असतं तर वेदीसमोर खोटं बोलल्याचं पाप तिला लागलं असतं. पाप आईनं स्वतःकडे ठेवलं." आल्फोन्सीननं नाक पुसलं. "पण गेल्या ऑक्टोबरात ती आली होती इथं. मुलीच्या गाडीतून."

"ऑक्टोबरात? ती तर लोकर घ्यायला गेली होती."

"लोकरही घेतली असेल. आधी वही बघून आली होती. तीनशे वर्षांची माणसं लिहून काढली आणि स्वतःचा चौकोन शेवटी भरायला घेतला, तो असा. या इथं बसली, तू बसलायस तिथंच. मी सगळं सांगितलं. मला वाटलं रागावेल. ती रडली, मग हसली, मग म्हणाली, 'आल्फोन्सीन, आईनं मला आदेलार दिला.'"

आदेलारनं टोपी डोक्यावर घातली आणि लगेच काढली.

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगणार होती की. मी म्हटलं, आजच सांग. तर म्हणाली, 'आज सांगितलं तर उद्या उजाडायच्या आत तो फादरकडे पळेल, आमचं लग्न झालंय का विचारायला.'"

आदेलार टोपीची कड चाचपू लागला.

"गेलास ना?"

"मी कागदासाठी गेलो होतो."

"पण विचारलंस."

"विचारलं."

आल्फोन्सीन खांदे हलवून हसली, मग खोकली, मग पुन्हा हसली. "म्हणाली, 'साखरेच्या दिवसांत सांगेन. मेपलचा रस उकळत असला की त्याला कढईपासून हलता येत नाही. तेव्हा बसून सगळं ऐकून घेईल.' मार्चपर्यंत थांबणार होती, आदेलार. तुझं तोंड बघायचं होतं तिला."

यंदाच्या मार्चमध्ये आदेलारनं मेपलच्या झाडांना रसासाठी बादल्या लावल्याच नव्हत्या. मुलगा म्हणाला होता, मी येतो मदतीला. त्यानं नको म्हटलं होतं.

तो उठला, वाकला आणि आल्फोन्सीनच्या दोन्ही गालांचं चुंबन घेतलं. ती म्हणाली, "लहानीला इथल्याच कबरस्तानात ठेवलंय. खूण काही नाही. लाकडाचा क्रूस होता, तो कुजला. कुठं होता ते आता मलासुद्धा सांगता येणार नाही."

येताना तो कबरस्तानात थांबला. उत्तरेच्या भिंतीपाशी अजून बर्फ होता. जुन्या भागात गवत आडवं झालेलं. त्यानं बरीच चक्कर मारली, पण एवढ्याशा पोराची जागा सत्तर वर्षांनी कुठं सापडणार? तो नुसताच उभा राहिला. या पोरीचं आपण देणं लागतो, असं त्याला वाटत होतं, पण ते कसं म्हणायचं ते त्याला समजेना. शेवटी त्यानं टोपी काढून नमस्कार केला आणि म्हणाला, "मी आदेलार. तुझ्या बहिणीचा नवरा." आणखी काही सुचलं नाही.

घरी पोचल्यावर त्यानं सूप गरम केलं, खाल्लं आणि दगडावरचा मजकूर लिहायला टेबलावर एक कोरा कागद घेतला. त्याचं अक्षर मोठं होतं. पहिल्या कागदावर ते मावलं नाही. दुसऱ्यावर त्यानं लहान लिहायचा प्रयत्न केला. तिसरा कागद सकाळी रोझेरकडे नेला.

रोझेरनं हात झटकले आणि कागद खिडकीपाशी नेऊन वाचला.

"हे काय आदेलार? दोन एग्झिल्डा?"

"दोन."

"आणि चारची तारीख तू मला तोंडी सांगितलीस ती या बाळाची?"

"हो. तू कागद मागितलास ते बरं झालं."

रोझेरला एवढ्यात असं कुणी म्हणालं नव्हतं. तो जरा खूश झाला. पण दगडाकडे पाहिल्यावर त्याच्या कपाळावर पुन्हा आठ्या पडल्या. "बाळाला तर इथं पुरलेलं नाही ना?"

"नाही. खाली सेंत-कोलेतला. जागा सापडत नाही."

"मग दगडावर कशाला? लोक विचारतील."

"विचारू देत. सांगीन मी. वेळच वेळ आहे मला." आदेलारनं कागदावर बोट ठेवलं. "हिच्या नावावर माझं लग्न लागलंय, रोझेर. वहीत आजही तसंच आहे, फादरनं दाखवलं. तिची दोन वर्षं आम्ही घेतली आणि तिच्या नावाचा एक दगडसुद्धा कुठं नाही. आमच्या दगडावर तेवढी जागा तिला देऊ."

रोझेरनं पट्टी काढली, दगडावर आडवी धरली, मग उभी धरली. "तुझ्यासाठी ठेवलेली जागा कमी होईल मग."

"माझं नाव लहान कर. मला चालतं."

"बरं." रोझेरनं कानावरची पेन्सिल काढली. "आता सांग, वर कोण? नेहमी बायकोचं नाव वर घेतात. बाळं खाली."

"नाही. ही वर," आदेलार म्हणाला. "ही थोरली."

रोझेरनं त्याच्याकडे पाहिलं. अकरा महिन्यांची थोरली बहीण.  त्यानं दगडावरची धूळ तळहातानं पुसली, थोरलीसाठी वर एक रेघ आखली आणि तिच्या खाली धाकटीसाठी दुसरी.